केरातले सोने

चेन्नईच्या सौकारपेठेत रविवारी दुपारी बाजार शांत असतो. एरवी माणसांनी आणि हातगाड्यांनी भरून गेलेल्या गल्ल्यांतून त्या वेळी सहज चालता येते. अशाच एका गल्लीतील जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर काही वर्षांपासून आम्ही मराठीचा वर्ग घेत आहोत. वर्ग म्हणजे एक लांबट खोली, दोन पंखे, एक फळा आणि जमिनीवर अंथरलेल्या दोन सतरंज्या. तेथे बसणारे विद्यार्थी मात्र नेहमीच्या शाळेतील नव्हेत. कोणी पंचविशीतला, कोणी पन्नाशीला टेकलेला. कोणाची शाळा चौथीत सुटली, कोणाची आठवीत. मुक्त शाळेच्या परीक्षेला बसण्याची हिंमत त्यांनी केली आहे. त्या हिमतीला थोडा आधार द्यावा, एवढेच माझे काम.

चेन्नईच्या सराफ बाजारात मराठी माणसे कशी, असा प्रश्न वाचकाला पडेल. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी हा भाग कमी पावसाचा. शेतीवर घर चालेना, म्हणून तेथील तरुण घराबाहेर पडले आणि सोन्याचांदीच्या गलाईच्या व्यवसायात शिरले. जुने दागिने आटवून त्यांतील शुद्ध सोने वेगळे काढणे, कारागिरांच्या केरातून सोन्याचे कण मिळवणे, हे त्यांचे काम. देशातील अनेक शहरांच्या सराफ बाजारांत आज त्यांच्या भट्ट्या आहेत. सौकारपेठेतील एका रस्त्याला तमिळमध्ये 'तंगसालै' म्हणतात. तंगम् म्हणजे सोने आणि तंगसालै म्हणजे टांकसाळ. कंपनी सरकारची टांकसाळ एकेकाळी तेथे होती. टांकसाळ गेली, रस्त्याचे नाव राहिले, आणि त्याच्या आसपास आमची मराठी माणसे आजही सोने वितळवत बसली आहेत.

आमच्या वर्गात असेच एक गलाई व्यावसायिक येत. वय चाळिशीच्या पुढे. वर्गातील सगळे त्यांना 'भाऊ' म्हणत. मीही तेच म्हणू लागले. सातवी झाल्यावर, तेराव्या वर्षी, ते मामांचे बोट धरून या शहरात आले. आधी भट्टीपुढची राख काढली, मग मूस धरायला शिकले, पुढे स्वतःचे लहानसे दुकान थाटले. तमिळ अस्खलित बोलत. मराठी लिहिताना मात्र त्यांची लेखणी अडखळे.

एकदा मी वर्गाला 'माझा व्यवसाय' या विषयावर निबंध लिहायला दिला. भाऊंनी दीड पान लिहिले होते. केर कसा जाळतात, धुतात, टाकणखार घालून कसा आटवतात, मग ॲसिडमध्ये चांदी आणि तांबे विरघळून सोने कसे तळाशी राहते, हे त्यांनी बारकाईने सांगितले होते. तळाशी राहिलेले सोने आधी तपकिरी मातीसारखे दिसते आणि पुन्हा आटवले की चमकते, हे मला त्यांच्याच निबंधातून कळले. शेवटी त्यांनी लिहिले होते : 'आम्ही सोने तयार करत नाही. दुसऱ्याच्या केरात हरवलेले सोने वेगळे काढतो. सराफही ते तयार करत नाही. खाणीतला मजूरही करत नाही. मग सोने तयार कोणी केले? पहिल्यांदा ते कोणत्या मुशीत आटले?'

मी शुद्धलेखनाच्या चुकांवर खुणा केल्या आणि या शेवटच्या ओळींपुढे लाल शाईने लिहिले, 'विषयांतर'.

पुढच्या रविवारी वह्या परत दिल्या. भाऊंनी वही उघडली, तो शब्द पाहिला आणि वही मिटून पिशवीत ठेवली. काही बोलले नाहीत. त्यानंतरच्या रविवारी ते आले नाहीत, आणि त्याच्या पुढच्याही रविवारी आले नाहीत. लग्नसराई आहे, काम वाढले असेल, असे इतरांनी सांगितले. ते खरेही असेल. पण तो लाल शब्द माझ्या मनातून जाईना. तीस वर्षे मी मराठी शिकवत आले, पाठ्यपुस्तकांच्या समित्यांवर बसले, 'विद्यार्थ्याने प्रश्न विचारले पाहिजेत' हे वाक्य कितीतरी प्रस्तावनांत लिहिले. आणि एका विद्यार्थ्याने खरा प्रश्न विचारला, तेव्हा तो मी विषयाबाहेरचा ठरवला. याचे खरे कारण मला ठाऊक होते. त्या प्रश्नाचे उत्तर मला येत नव्हते.

उत्तर शोधायचे ठरवले तेव्हा लक्षात आले, की त्यासाठी या शहरासारखी दुसरी जागा नाही. नुंगंबाक्कम भागात हवामान विभागाच्या आवारात ग्रॅनाइटचा एक उंच खांब जपून ठेवला आहे. १७९२ साली उभारलेल्या मद्रास वेधशाळेचा तो खांब. त्यावर अनेक भाषांत लेख कोरले आहेत. तमिळ आणि तेलुगूही त्यांत आहेत. याच वेधशाळेचे प्रमुख नॉर्मन पॉगसन १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी मच्छलीपट्टणमला गेले होते. तेव्हाच्या मद्रास इलाख्यातीलच गुंटूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी तेच ग्रहण पाहिले. सूर्याच्या कडेच्या प्रकाशाचे रंग वेगवेगळे करून पाहता त्यात एक तेजस्वी पिवळी रेषा दिसली. पृथ्वीवरच्या कोणत्याही ज्ञात पदार्थाशी ती जुळेना. या नव्या मूलद्रव्याला पुढे हेलियम असे नाव मिळाले. पृथ्वीवर ते हाती लागायला १८९५ साल उजाडले.

ही हकिगत वाचताना मला भाऊंची कसोटी आठवली. काळ्या दगडावर सोने घासले की उमटलेल्या रेघेवरून जाणकार सोन्याचा कस सांगतो. आकाशातील वस्तू तर हातात घेता येत नाही. पण तिचा प्रकाश येथवर येतो, आणि त्या प्रकाशात प्रत्येक मूलद्रव्य स्वतःची रेघ उमटवून ठेवते. रेघा वाचता आल्या की लक्षावधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या वायूत काय आहे आणि किती आहे, हे सांगता येते.

कोट्टूरपुरम येथील अण्णा शताब्दी ग्रंथालयात मी काही आठवडे जात राहिले. जयंत नारळीकरांची मराठी पुस्तके घरी होतीच. एका परिचित प्राध्यापकांनी न कळलेल्या जागा समजावून दिल्या. हळूहळू जे चित्र तयार झाले ते असे.

विश्वाचा आरंभ सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी झाला. आरंभीच्या काही मिनिटांत हायड्रोजन आणि हेलियम तयार झाले. वजनाने सुमारे तीन भाग हायड्रोजन आणि एक भाग हेलियम. लिथियमचा अगदी नाममात्र अंश सोडला, तर दुसरे काहीही नव्हते. ऑक्सिजन नव्हता, लोखंड नव्हते, सोने नव्हते. हे सारे पुढे ताऱ्यांत घडले. तारा म्हणजे एक भट्टीच. तिच्यात हायड्रोजनचे हेलियम होते, हेलियमचा कार्बन होतो. मोठ्या वस्तुमानाच्या ताऱ्यांत हे काम पुढे जाऊन ऑक्सिजनसारखी मूलद्रव्ये तयार होतात. असे तारे काही दशलक्ष वर्षांतच जळून संपतात आणि स्फोट होऊन आपली कमाई आसमंतात उधळतात. त्या मिसळलेल्या वायूतून नवे तारे जन्मतात. ते आधीच्यांपेक्षा थोडे अधिक समृद्ध असतात.

लोखंडाची गोष्ट सांगताना पुन्हा या शहराकडेच यावे लागते. मरिना किनाऱ्यासमोरच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकलेले सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर १९३० साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, बोटीने इंग्लंडला निघाले. त्या प्रवासात त्यांनी गणित मांडले, की विझत आलेल्या श्वेतबटू ताऱ्याचे वस्तुमान एका मर्यादेपलीकडे जाऊ शकत नाही. ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे. आपल्या आकाशगंगेतील लोखंडाचा मोठा भाग अशा श्वेतबटूंच्या स्फोटांतून आला आहे. आणि सोने? १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर शास्त्रज्ञांनी टिपली. ती सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर घडली होती. तिच्या उजेडात सोन्यासारखी जड मूलद्रव्ये तयार झाल्याच्या खुणा दिसल्या. सोने घडण्याचे आणखीही काही मार्ग असावेत आणि त्यांचा शोध चालू आहे. पण भाऊंच्या मुशीचा पत्ता काही अंशी तरी लागला होता.

एवढ्यावर मी थांबले असते; पण वाचताना आणखी एक गोष्ट समोर आली आणि तिने मला अधिक गुंतवले. खगोलशास्त्रज्ञ हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सगळ्या मूलद्रव्यांना सरसकट 'धातू' म्हणतात. ऑक्सिजनही त्यांच्या लेखी धातूच. अब्जावधी ताऱ्यांचा समूह म्हणजे दीर्घिका. आपली आकाशगंगा ही अशीच एक दीर्घिका. प्रत्येक दीर्घिकेतील वायूत या धातूंचे प्रमाण मोजता येते. ते मोजल्यावर असे आढळले, की दीर्घिका जितकी वजनदार, तितके तिच्यातील धातूंचे प्रमाण अधिक. १९७९ साली थोड्याशा अनियमित आकाराच्या दीर्घिकांवरून या नात्याची चाहूल लागली. २००४ साली सुमारे ५३ हजार दीर्घिकांच्या प्रकाशाचे विश्लेषण झाले आणि हे नाते ठळकपणे सिद्ध झाले. अतिशय मोठ्या दीर्घिकांपाशी मात्र ही वाढ मंदावते.

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्यावे. दक्षिण आकाशात मॅजेलनचे मेघ नावाच्या दोन लहान दीर्घिका आहेत. मोठ्या मेघात धातूंचे प्रमाण सूर्याच्या मानाने सुमारे निम्मे, तर त्याहून हलक्या असलेल्या लहान मेघात सुमारे एक पंचमांश आहे. चेन्नईहून हे मेघ क्षितिजाच्या इतके जवळ असतात, की शहराच्या उजेडात ते दिसण्याची आशा नाही. पण हिवाळ्यात त्याच दिशेला तेजस्वी अगस्त्य तारा दिसतो. ज्या ऋषीने दक्षिणेला येऊन तमिळचे व्याकरण रचले असे येथील लोक मानतात, त्याच्या नावाचा तारा. परप्रांतात येऊन परभाषा आपली करणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना तो तारा दाखवावा, असे मला नेहमी वाटते.

मोठ्या दीर्घिकेत धातू अधिक का, हे मात्र मला नीट उमगेना. मोठीत तारे अधिक, म्हणून धातू अधिक, हे समजण्यासारखे होते. पण तिच्यात वायूही अधिक असतो. मग प्रमाण का वाढावे? दहा किलो दुधात दहा चमचे साखर आणि एका किलोत एक चमचा घातली, तर गोडी सारखीच लागेल ना?

हा प्रश्न आणि ती सगळी टिपणे घेऊन एका संध्याकाळी मी भाऊंच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. एका कोपऱ्यात भट्टी, भिंतीला लागून मुशी, आणि दाराशी केराने भरलेल्या गोण्या. मला पाहून ते गडबडून उठले. "बाई, तुम्ही इकडं? निरोप धाडला असता तर मी आलो असतो." त्यांनी स्टूल पुसून पुढे केले आणि समोरच्या टपरीवरून कॉफी मागवली.

मी म्हणाले, "भाऊ, तुमच्या वहीत मी एक शब्द चुकीचा लिहिला. तो खोडायला आले आहे."

ते काही वेळ खाली पाहत राहिले. मग म्हणाले, "चुकीचा कसा, बाई? आम्हाला विषय धरून लिहिता येत नाही, हे खरंच आहे. तेराव्या वर्षी सुटलेली शाळा या वयात कुठं हाती लागती! जे शिकलो होतो तेही उडून गेलं. परीक्षेचा नाद सोडावा म्हणतोय."

मी उत्तर दिले नाही. वही मागून घेतली, तो शब्द खोडला आणि माझी टिपणे वाचायला सुरुवात केली. भट्टीपुढे बसलेला त्यांचा भाचाही हात थांबवून ऐकू लागला. ऑक्सिजनलाही धातू म्हणतात, यावर दोघे हसले. सूर्याच्या वजनात धातू शंभरात दीड भागाहूनही कमी आहेत, हे ऐकून भाऊ म्हणाले, "आमच्या केरात तेवढं सोनं निघालं असतं, तर मी मुंबईत बंगला बांधला असता!"

मग मी माझी अडचण सांगितली. मोठ्या दीर्घिकेत प्रमाण अधिक का? भाऊंनी क्षणभर विचार केला आणि अगदी सहज म्हणाले, "बाई, ही तर आमची रोजची गोष्ट आहे. मोठ्या पेढीच्या कारखान्यात जाऊन बघा. खोली बंद, खिडकीला बारीक जाळी, कारागिरानं हात धुतलेलं पाणीसुद्धा हौदात साठवतात. तिथला कण बाहेर जात नाही. त्यांच्या केराला भाव जास्त. आणि एकटा कारागीर दारात बसून काम करतो. कानस मारली की कण उडाला, झुळूक आली की गेला. सोनं दोघंही सारखंच घासतात. पण मोठ्याचं घरात राहतं, लहानाचं वाऱ्यावर जातं."

मी थक्क होऊन त्यांच्याकडे पाहत राहिले. कारण माझ्या टिपणांच्या पुढच्याच पानावर नेमके हेच होते. ताऱ्यांचे स्फोट झाले, की तापलेला वायू वाऱ्यासारखा बाहेर झेपावतो आणि नुकतेच घडलेले धातू त्याच्याबरोबर निघून जातात. वजनदार दीर्घिकेचे गुरुत्वाकर्षण प्रबळ असते; ती हा वायू धरून ठेवते किंवा परत ओढून घेते. हलक्या दीर्घिकेच्या हातून तो निसटतो. घडवणे दोघींकडे होते. फरक पडतो तो राखण्यात.

अर्थात एवढे एकच कारण नाही. लहान दीर्घिका आपल्या वायूचे तारे करण्यात संथही असतात. म्हणजे त्यांची भट्टीच मंद चालते. शिवाय दीर्घिकांवर बाहेरून ताजा वायू पडत असतो. त्यात धातू नाममात्र असतात. तो मिसळला की प्रमाण उतरते. "सोन्यात तांबं पडलं की कस उतरतो, तसं," भाऊ म्हणाले. यांतील कोणत्या कारणाचा वाटा किती, याबद्दल शास्त्रज्ञांत आजही चर्चा चालू आहे.

मग आम्ही काळाकडे वळलो. दूरच्या दीर्घिकेचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला अब्जावधी वर्षे लागतात. म्हणून दूर पाहणे म्हणजे मागे पाहणे. सुमारे एक हजार कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिका पाहिल्या, तेव्हाही जड दीर्घिका अधिक समृद्ध होत्या असे दिसले. परंतु तितक्याच वजनाच्या आजच्या दीर्घिकेच्या तुलनेत त्यांच्यातील धातूंचे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. २०२१ च्या डिसेंबरमध्ये अवकाशात सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने त्याहूनही मागे, विश्वाच्या पहिल्या शंभर-दीडशे कोटी वर्षांतील दीर्घिका दाखवल्या. त्यांच्यातील अनेकींत ऑक्सिजन सूर्याच्या मानाने दहाव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी आहे. समृद्धी कोणालाच एकदम मिळालेली नाही. ती पिढ्यांमागून पिढ्या साचत आली आहे.

आपल्या महाराष्ट्रानेही या शोधाला हात लावला आहे, हे सांगताना मला अभिमान वाटला. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेनांची रेडिओ दुर्बीण आहे. २०२० साली तिच्या साहाय्याने आपल्या शास्त्रज्ञांनी ७,६५३ दीर्घिकांचे अतिशय क्षीण संकेत एकत्र केले आणि सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वी त्यांच्यात हायड्रोजन वायू सरासरी किती होता, हे मोजले. एकेकीचा संकेत इतका दुबळा, की तो एकटा ऐकूच येत नव्हता. सगळ्यांचा मिळून आला. त्या मोजणीवरून कळले, की त्या दीर्घिका वेगाने तारे घडवत होत्या आणि बाहेरून भर पडली नसती, तर त्यांचा वायू शंभर ते दोनशे कोटी वर्षांतच संपला असता. भट्टी पेटलेली असून भागत नाही. तिला माल मिळत राहावा लागतो.

"आणि वाऱ्यावर गेलेलं?" भाऊंनी विचारले. "लहानाच्या हातून गेलं, ते कायमचं गेलं का?"

सुदैवाने याचे उत्तरही माझ्याजवळ होते. हबल दुर्बिणीने दीर्घिकांभोवतीच्या विरळ वायूची पाहणी केली. तारे घडवत असलेल्या दीर्घिकांच्या सभोवती, दूरवर, ऑक्सिजन विपुल प्रमाणात पसरलेला असल्याचे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत आढळले. तो दीर्घिकेतील वायूत असलेल्या ऑक्सिजनच्या तोडीचा असावा, असा अंदाज निघाला. म्हणजे बाहेर गेलेले सगळेच नाहीसे होत नाही. बरेचसे उंबऱ्याबाहेर रेंगाळत राहते आणि त्यातील काही थंड होऊन पुन्हा आत उतरते. त्यातून पुन्हा तारे घडतात. जे अगदी दूर जाते, तेही दोन दीर्घिकांमधल्या अवकाशात कुठेतरी असतेच.

भाऊ बराच वेळ गप्प होते. दाराशी ठेवलेल्या गोण्यांकडे पाहत म्हणाले, "म्हणजे केरच की."

"हो," मी म्हणाले, "आणि केरातून सोने काढणे हे तर तुमचे काम."

मी त्यांना मुक्त शाळेचा एक नियम पुन्हा समजावून सांगितला. तो माहितीपत्रकात असतो, पण फार थोडे लोक तो नीट वाचतात. एकदा नाव नोंदवले, की पाच वर्षांची मुदत आणि परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. सगळे विषय एकदम सुटावे लागत नाहीत. जो विषय सुटला, तो मुदत संपेपर्यंत तुमच्या नावावर जमा राहतो. पुढच्या वेळी उरलेल्या विषयांपुरतेच बसायचे. "वाऱ्यावर जात नाही?" त्यांनी विचारले. "नाही जात," मी सांगितले.

मला येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. माणसाच्या आयुष्याची तुलना दीर्घिकांशी फार ताणू नये. दीर्घिकेला लहान असण्याचे दुःख नसते आणि तिचे वस्तुमान हा कोणाचा अन्याय नसतो. तेराव्या वर्षी शाळा सोडावी लागणे ही मात्र निसर्गाची नव्हे, समाजाची गोष्ट आहे. ज्या घरात पुस्तके, पैसा आणि उसंत असते, तेथे मुलाने शिकलेले टिकून राहते. ज्या घरात यांतले काहीच नसते, तेथे तितकेच शिकलेले पोट भरण्याच्या धावपळीत निसटून जाते. आपण मात्र पहिल्याला हुशार म्हणतो आणि दुसऱ्याला मठ्ठ. मीही, नकळत का होईना, लाल शाईने तेच केले होते. भाऊंना विषय धरून लिहिता येत नव्हते, असे नाही. त्यांचा विषय माझ्या विषयाहून मोठा होता.

पुढच्या रविवारी भाऊ वर्गात आले आणि नेहमीच्या जागी बसले. त्या परीक्षेत ते पाचांपैकी चार विषयांत उत्तीर्ण झाले. मराठीत त्यांना चांगले गुण मिळाले. गणित राहिले. निकाल सांगायला ते घरी आले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर खंत शोधूनही मला सापडली नाही. "चार मुशीत आहेत, बाई. एक अजून केरात आहे," ते म्हणाले.

जाताना त्यांनी ती जुनी वही माझ्यापुढे ठेवली. 'माझा व्यवसाय' हा निबंध त्यांनी नव्याने लिहिला होता. शेवटचा प्रश्न तसाच होता. त्याखाली आता दोन पाने उत्तर होते. न्यूट्रॉन तारे होते, श्वेतबटू होते, दारात बसलेला कारागीरही होता. शुद्धलेखनाच्या काही चुका होत्या. त्या मी पेन्सिलीने दाखवल्या.

गणिताची परीक्षा येत्या एप्रिलमध्ये आहे. रविवारी वर्ग सुटल्यावर आम्ही अर्धा तास जास्त बसतो. मी मराठीची शिक्षिका असल्यामुळे मलाही काही उदाहरणे आधी सोडवून पाहावी लागतात.